कासिमचाचांची कल्हई

कासिमचाचांना कमी ऐकू येतं ही गोष्ट जगात कुणालाही ठाऊक नाही, अशी कासिमचाचांची पक्की समजूत होती. फोन आला की ते "इथं रेंज नाही" म्हणत तो सुनेच्या हातात द्यायचे. रस्त्यात कुणी हाक मारली आणि चाचांनी वळून पाहिलं नाही, की माणसं म्हणायची, म्हातारा तोऱ्यात आहे. चाचांना ते चालायचं. तोऱ्यातला म्हातारा परवडला, बहिरा नको. बहिऱ्याकडून कल्हई कोण लावून घेईल?

तुम्ही म्हणाल, कल्हईला कान कशाला हवेत? भांडं भट्टीवर तापवायचं, आत नवसागर भुरभुरायचा, भसकन पांढरा धूर उठला की कथिलाची कांडी टेकवायची आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्यानं सर्रकन फिरवायचं. पितळ आतून चांदीसारखं लखलखतं. काम सगळं हाताचं आणि नजरेचं. पण कान लागतो तो त्याच्याही आधी, कांडी विकत घेताना. चोख कथील वाकवलं की कुरकुरतं. खोटं वाटतं ना? अहो, खरंच कुरकुरतं, दातांखाली वाळू यावी तसं. आणि त्यात शिसं मिसळलेलं असलं की कांडी गुपचूप वाकते, हूं की चूं नाही. शिसं स्वस्त, कथील महाग, आणि व्यापारी शेवटी व्यापारी. चाचा चौदा वर्षांचे असताना वडिलांनी त्यांच्या कानाशी कांडी धरून वाकवली होती आणि बजावलं होतं, "हा आवाज आल्याशिवाय कांडी घरात आणायची नाही."

त्याला आता सत्तावन्न वर्षं झाली. तांबट आळीच्या तोंडाशी फुटपाथवर चाचांची भट्टी असायची. स्टीलची भांडी आली, नॉनस्टिक आलं, बाकीच्यांनी भाते मोडीत घातले. कुणी रिक्षा घेतली, कुणी वॉचमन झाला. चाचा तिथंच. भट्टीचा भाता जाऊन विजेचा पंखा आला, तो दिवसभर कानाशी घोंघावायचा, आणि शेजारी तांब्याच्या पत्र्यावर ठोके पडत असायचे. कान जायला आणखी काय लागतं? ते काही एका दिवशी गेले नाहीत. हळूहळू गेले, आणि चाचांनी हळूहळू सोंग शिकून घेतलं. व्यापाऱ्याकडे जायचे, कांडी कानाशी धरायचे, वाकवायचे, मान हलवायचे. बोटांना काहीतरी जाणवायचं. तेच ऐकू आलं, असं ते स्वतःला सांगायचे. सत्तर वर्षांच्या माणसानं स्वतःची समजूत घालायची ठरवली, तर त्याला कोण अडवणार?

मुलगा नोकरीला आखातात, म्हणून चाचा विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये सुनेजवळ राहायचे. सून खुशनुमा खराडीच्या एका कंपनीत होती. तिची बस पावणेआठला. नात आलिमा साडेतीन वर्षांची. तिला सकाळी दुर्गाबाईंच्या पाळणाघरात सोडायचं आणि संध्याकाळी सातला आणायचं, हे चाचांचं काम. सगळी मुलं पाचला जायची, आलिमा सातपर्यंत थांबायची.

दुर्गाबाई मूळच्या यवतमाळच्या. पुण्यात येऊन वीस वर्षं झाली, तरी बोलण्यातला "जी" काही सुटला नव्हता. तळमजल्यावर दोन खोल्या, चौदा मुलं, आणि बाईंच्या शिस्तीपुढे आया-बाप टरकून असायचे. त्या जानेवारीत शहरात पाण्यातून रोग पसरला. धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडतात म्हणे, असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. पाणी उकळून प्या, उकळून प्या, सगळीकडे तेच. दुर्गाबाईंनी माळ्यावरून माहेरचं भलंमोठं पितळी पातेलं काढलं. चौदा पोरांचं पाणी एका वेळी उकळायला दुसरं भांडं होतं कुठं? पण आतली कल्हई केव्हाच उडालेली. मग त्या चाचांना म्हणाल्या, "चाचा, तुमच्या हातची कल्हई लागली पाहिजे जी. पोरांचं पाणी आहे."

चाचांना काय आनंद झाला! स्टीलच्या जमान्यात लहान मुलांसाठी कुणी कल्हई मागतंय! त्यांनी नव्या कांड्या आणल्या आणि पातेल्याला अशी कल्हई चढवली की दुर्गाबाईंनी त्यात तोंड पाहून कुंकू नीट केलं. एक कांडी उरली होती. ती वाया का घालवा, म्हणून गंज पेठेत सकीना बालवाडी चालवायची, तिच्याही पातेल्याला लावून दिली. सकीना जुन्या मोहल्ल्यातली, लहानपणापासून बघितलेली पोर. तिच्याकडे बावीस मुलं. दोन्हीकडे चाचांनी काही घेतलं नाही. लेकरांच्या पाण्याचं काम आहे, सवाब मिळेल, पुण्यच ते, म्हणाले.

दोन्हीकडे एकच रीत बसली. संध्याकाळी पाणी उकळायचं, झाकून पातेल्यातच ठेवायचं, दुसऱ्या दिवशी मुलांना द्यायचं. सहा महिने असे गेले.

एके दिवशी सकाळी साडेसातला चाचा आलिमाला घेऊन पोचले तर दुर्गाबाईंच्या ओट्याशी एक मुलगी बाटल्या घेऊन उभी. संस्कृती तिचं नाव. कुठल्याशा संस्थेतर्फे पाळणाघरांतल्या नळाच्या पाण्यात शिसं आहे का ते तपासत हिंडत होती.

"आदल्या संध्याकाळपासून नळ सोडायचा नाही असं सांगितलं होतं ना, काकू? पाइपमध्ये रात्रभर उभं राहिलेलं पाणीच हवं. फर्स्ट ड्रॉ."

"नाही सोडला जी. तोंडसुद्धा धुतलं नाही. झालं समाधान?"

संस्कृतीनं पहिली धार बाटलीत घेतली, मग नळ पाच मिनिटं सोडून दुसरी बाटली भरली, दोन्हींवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि बॅग उचलली.

"आणि हे?" दुर्गाबाईंनी पातेल्याकडे बोट दाखवलं. "पोरं नळाला तोंड लावत नाहीत. हे पितात."

"फॉर्मवर फक्त नळच आहे, काकू."

"मग फॉर्मलाच पाजा पाणी."

संस्कृती हसली आणि तिनं तिसरी बाटली भरून घेतली. त्या एका टोमण्याचे उपकार किती, हे तेव्हा कुणाला कळणार?

दहा दिवसांनी ती परत आली तेव्हा हसत नव्हती. नळाची दोन्ही पाणी स्वच्छ होती. लिटरमागे दहा मायक्रोग्रॅमच्या आत शिसं असायला हवं, नळाला दोन निघालं होतं. पातेल्याच्या पाण्यात एकशे साठ निघालं होतं.

चाचा आलिमाच्या चपला काढत तिथंच होते. संस्कृती दुर्गाबाईंकडे तोंड करून बोलत होती, त्यामुळे त्यांना निम्मंच कळलं. पण दुर्गाबाईंचा चेहरा पाहिला आणि आलिमाची दुसरी चप्पल त्यांच्या हातातच राहिली.

"कल्हई कुणी केली?" संस्कृतीनं विचारलं.

"या चाचांनी. आणि त्यांच्या कल्हईकडे बोट दाखवायचं नाही, सांगून ठेवते. त्यांची सख्खी नात पिते ते पाणी."

संस्कृतीनं चाचांकडे वळून सावकाश विचारलं, "काका, या कथिलातून अजून कुठल्या भांड्याला लावलीत का?"

"माझं कथील चोख आहे," चाचा म्हणाले.

"तसं नाही काका, मी विचारतेय की अजून कुठं..."

"नाही. कुठं नाही."

का बोलले असं? ते स्वतःही नंतर डोकं धरून हेच विचारत बसले. सकीनाचं नाव ओठांवर आलं होतं. पण ते घेतलं असतं तर संस्कृती बाटल्या घेऊन गंज पेठेत गेली असती आणि सगळ्या मोहल्ल्यात झालं असतं की कासिमच्या कल्हईची तपासणी झाली. त्यांच्या बापाच्या, आज्याच्या नावाची. संस्कृती पातेल्याच्या आतली कल्हई खरवडून, तपासायला पुडीत बांधून घेऊन गेली.

पुढचे चार दिवस दुर्गाबाईंचे गेले ते देवानं वैऱ्याला दाखवू नयेत. पालकांच्या ग्रुपवर एकेक मेसेज पडू लागला. माहेरचं भंगार पोरांना वापरलं. जुनाट बाई. फीचे पैसे वाचवायला फिल्टर घेतला नाही. चौदातली नऊ मुलं आठवडा संपायच्या आत पाळणाघर सोडून गेली. दुर्गाबाईंनी पातेलं उलटं करून गॅलरीत टाकलं होतं आणि जो येईल त्याला त्या एकच सांगत होत्या, "पितळ खराब निघालं असेल जी. कल्हई चाचांची आहे, ती नाही खराब होणार." आणि चाचा ते ऐकून घेत होते. म्हणजे, ओठांवरून वाचून घेत होते.

शुक्रवारी आलिमाला पाळणाघरात पाठवलं नव्हतं; नमाजानंतर घरात चाचा आणि ती दोघंच होते. हल्ली ती पोर चिडचिडी झाली होती, जेवायची नाही, पोट दुखतं म्हणायची. खुशनुमानं तिचं रक्त तपासायला दिलं होतं. चाचांनी पत्र्याची पेटी उघडली. त्यात वडिलांच्या वेळची कथिलाची एक कांडी जपून ठेवलेली होती, आणि नव्यातला, सकीनाकडच्या कामातून उरलेला वीतभर तुकडा. दोन्ही आलटून पालटून वाकवले. कानाला काही लागेना. याचंही नाही, त्याचंही नाही. आयुष्यात पहिल्यांदा म्हाताऱ्यानं स्वतःशी कबूल केलं की आपल्याला ऐकूच येत नाही.

मग त्यांनी नातीला मांडीवर घेतलं. जुनी कांडी तिच्या कानाशी धरून वाकवली.

आलिमा दचकली आणि खुदकन हसली. "दादाजान, हा ओरडतोय!"

"ओरडतोय ना? आता हा ऐक हं."

त्यांनी नवा तुकडा वाकवला. ती मान वाकडी करून ऐकत राहिली. परत वाकवला. तिसऱ्यांदा वाकवला.

"हा झोपलाय," आलिमा म्हणाली.

चाचांनी तिला घट्ट धरलं. इतकं घट्ट, की ती रडायला लागली. सहा महिने, सकाळी साडेसातपासून संध्याकाळी सातपर्यंत, सगळ्यांत जास्त वेळ ते पाणी प्यायलेली ही पोर. तिला रोज हाताला धरून कोण नेऊन बसवत होतं? तेच.

माणूस म्हणेल, तडक उठले असतील आणि गंज पेठ गाठली असेल. नाही उठले. संध्याकाळ झाली, उद्या जाऊ, म्हणाले. शनिवारी गुडघा दुखतोय म्हणाले. शनिवारी सकीनाची बालवाडी बारापर्यंत चालू असते हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. बावीस मुलं पाणी पीत असतील हेही ठाऊक होतं. घड्याळाकडे बघत बसले, बारा वाजले, तेव्हा श्वास सोडला. सत्तावन्न वर्षांचं नाव एका वाक्यात मातीत घालायचं होतं, आणि तेवढं वाक्य त्यांच्या तोंडातून निघेना. याला भित्रेपणा म्हणायचा नाही तर काय म्हणायचं?

शनिवारी संध्याकाळी आलिमाचा रिपोर्ट आला. रक्तात शिसं एकोणीस. पाचच्या आत हवं. डॉक्टरांनी खुशनुमाला सरळ सांगितलं होतं, एवढ्याला औषध नाही. पाणी बंद करा, दूध, अंडी, पालेभाज्या द्या, तीन महिन्यांनी परत तपासू. मेंदूवर काही झालं असलं तर ते शाळेत जायला लागली की कळेल, आणि कळलं तरी परत फिरवता येणार नाही.

रविवारी सकाळी चाचांनी सुनेला सगळं सांगितलं. मान खाली घालून, एकदाही न थांबता सांगितलं. ती ओट्याशी उभी होती. त्यांचं सांगून झाल्यावर तिनं हात पुसले. मग त्यांच्यासमोर येऊन बसली, त्यांना ओठ दिसतील अशी.

"अब्बा, तुम्हाला ऐकू येत नाही हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे."

चाचांनी वर पाहिलं.

"तुमच्या मुलालाही माहीत आहे. दुर्गाबाईंनाही. म्हणून तर त्या तुमच्यासमोर येऊन बोलतात. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आम्ही कुणी बोललो नाही. रेंज नाही म्हणालात की मी पण म्हणायचे, हो, नाहीये." ती एकेक शब्द तोडून बोलू लागली. "आम्ही तुमचा मान राखत बसलो, अब्बा. आणि माझ्या पोरीनं शिसं प्यायलं."

त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं लगेच सकीनाला फोन लावायला घेतला, पण चाचांनी हात जोडले. "बालवाडी आज बंद आहे. उद्या मुलं यायच्या आत मी जातो. हे माझ्याच तोंडानं सांगायला हवं. एवढं करू दे." तिनं फोन खाली ठेवला, आणि चाचांनी तिच्याकडूनच संस्कृतीला मेसेज करवला, की अजून एक भांडं आहे, मी खोटं बोललो. संध्याकाळी ते दुर्गाबाईंच्या दारातही जाऊन उभे राहिले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच म्हणाल्या, "माझी नऊ पोरं गेली, चाचा." दार मात्र लावलं नाही.

सोमवारी पहाटेच्या बसनं ते स्वारगेटला उतरले आणि तिथून चालत गंज पेठेत. सकीनानं नुकतंच दार उघडलं होतं. गॅसवर पातेलं चढलेलं होतं. शनिवारचं पाणी उरलं होतं, रविवार मध्ये गेला म्हणून तेच परत उकळायला ठेवलं होतं.

"सकीना, ते ओतून दे. माझ्या कल्हईत शिसं आहे."

सकीनानं आधी त्यांना खुर्ची दिली. मग पाणी आणायला वळली, त्यांनी हात धरून थांबवलं. सगळं सांगितलं. कांडी, कान, आलिमा, एकोणीस. सकीना ऐकता ऐकता मान हलवत होती, आजारी माणसाचं बोलणं ऐकताना हलवतात तशी.

"चाचा, कुणीतरी तुमच्या मनात भरवलंय हे. माझ्या निकाहाच्या भांड्यांना तुमच्या अब्बांची कल्हई होती. तुमचं कथील खोटं? मोहल्ला हसेल मला." तिनं भिंतीकडे बोट दाखवलं. "आणि पाणी तपासून गेलेत आमचं. मागच्याच महिन्यात. हे बघा सर्टिफिकेट. पास आहे."

भिंतीवर कागद होता. नळाचं पाणी, पहिली धार, दुसरी धार. दोन्ही स्वच्छ.

"हे नळाचं आहे, पोरी! पातेल्याचं नाही!"

"एकाच नळाचं पाणी आहे ना ते? चाचा, नातीच्या काळजीनं तुमचं डोकं शिणलंय. चहा टाकते."

चाचांनी पातेल्याच्या कडेला हात घातला. भांडं तापलेलं, वीस लिटर पाण्यानं भरलेलं. ते हललंही नाही. बोटं पोळली. सकीनानं धावत येऊन त्यांचे हात ओढून काढले, नळाखाली धरले आणि ती आता रागावली. "वय बघा तुमचं. बसा तिकडं गप्प."

केवढी थट्टा! ज्या नावाला जपायला त्यांनी बावीस पोरांना शनिवारी ते पाणी पिऊ दिलं, ते नाव आता टाकून द्यायला निघाले तर कुणी घ्यायला तयार नव्हतं. चाचा बाहेर आले आणि उंबऱ्यात आडवे बसले. मुलं यायची वेळ झाली होती.

पहिला आला मुनव्वर, रिक्षावाला, पोराला कडेवर घेऊन. बिलाल चार वर्षांचा. चाचांनी मुनव्वरलाही असाच कडेवर पाहिला होता.

"सलाम चाचा. इथं का बसलात?"

"मुनव्वर, आतल्या पातेल्याला मी कल्हई लावली. त्यात शिसं आहे. सहा महिने तुझा पोरगा शिसं पितोय."

मुनव्वरनं सकीनाकडे पाहिलं. ती दारात येऊन सांगत होती, लक्ष देऊ नको, नात आजारी आहे त्यांची. मुनव्वर ओळखीचं हसला आणि उंबरा ओलांडायला त्यानं पाय उचलला.

चाचांनी त्याची पोटरी पकडली. "मला शुक्रवारी कळलं. शनिवारी बालवाडी चालू होती. मला माहीत होतं. मी घरी बसून राहिलो."

मुनव्वर थांबला. "काय म्हणालात?"

चाचांनी ओठ वाचले. "शनिवारी मला माहीत होतं. माझं नाव जाईल म्हणून मी आलो नाही. तुझा बिलाल शनिवारी पाणी प्यायला, तेव्हा मला माहीत होतं."

मुनव्वरनं पोराला खाली उतरवलं. मग वाकून त्यानं चाचांची गचांडी धरली, त्यांना उभं केलं आणि फाडकन त्यांच्या थोबाडीत मारली. टोपी उडाली. मागून येणाऱ्या बाया जागच्या जागी थांबल्या. सकीना ओरडली, काय ते चाचांना ऐकू आलं नाही, उघडलेलं तोंड तेवढं दिसलं. मुनव्वरनं दुसऱ्यांदा हात उचलला. चाचांनी तो अडवला नाही, तोंडही चुकवलं नाही, उलट गाल पुढे करून उभे राहिले.

सकीना त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग वळली, आत गेली आणि तिनं गॅस बंद केला.